भुंगेऱ्यांचा उद्याचा मुलूख

नागपूर : तापमान वाढत गेल्यास प्रदेशनिष्ठ, म्हणजे एका मर्यादित भूभागाबाहेर कोठेही न आढळणारे भुंगेरे कोठे जातील? भुंगेऱ्यांशी नागपूरचा संबंध जुना आहे. स्टीफन हिस्लॉप यांनी टाकळी येथील लाव्हाथरांमधील गाळातून गोळा केलेल्या जीवाश्मांत भुंगेऱ्यांचे कवचासारखे कठीण पंख होते. अँड्र्यू मरे यांनी त्यांचे वर्णन १८६० मध्ये प्रसिद्ध केले.

अशाच पंखांवरून भुंगेऱ्यांच्या स्थलांतराचा माग लागतो. इंग्लंडमधील हिमयुगीन गाळात रसेल कूप यांना शेणकिड्याची एक जात सापडली. ती आज तिबेटच्या पठारावर आढळते. हवामान पालटले तेव्हा त्या किड्याने मुलूख सोडला आणि तग धरला.

उद्याचा मुलूख शोधण्यासाठी २००६ मध्ये मांडलेली ‘मॅक्सेंट’ ही संगणकीय पद्धत जगभर वापरली जाते. किडा जेथे सापडला त्या ठिकाणांचे तापमान व पाऊस पाहून तशाच हवामानाच्या अन्य जागा ती दाखवते. मग त्यात २०५० किंवा २०७० चे अंदाजित हवामान घातले जाते. मात्र नोंदी बहुधा रस्ते आणि विश्रामगृहांच्या आसपासच्या असतात. परिणामी संग्राहकाची सोय हीच किड्याची आवड ठरण्याचा धोका राहतो. शिवाय हवामान अनुकूल असले तरी गवा-नीलगाय नसतील तेथे त्यांच्या शेणावर जगणारा किडा राहणार कसा?

विदर्भात भूगोलाचीही अडचण आहे. उंची एक किलोमीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटते. म्हणजे एक अंश वाढ टाळण्यासाठी डोंगरात दीडशे मीटर चढणे पुरे. चिखलदऱ्याच्या आसपास, सुमारे ११०० मीटर उंचीवर, ही सोय काही प्रमाणात आहे. पण माथ्यावरच्या किड्याला आणखी वर जागा नाही. सुमारे ३१० मीटर उंचीवरील नागपूरच्या सपाटीवर तोच थंडावा गाठायला मैलोगणती अंतर कापावे लागेल, तेही कपाशीची शेते, कोळसा खाणी आणि महामार्ग ओलांडून. भुंगेऱ्यांच्या कित्येक जातींना तर उडताच येत नाही.

कोणता वनपट्टा आधी राखायचा, हे अशा नकाशांवरून ठरवायचे असेल तर नोंदी काटेकोर हव्यात. हवामानाचे नकाशे आज एक किलोमीटरच्या चौकटीपर्यंत सूक्ष्म झाले आहेत. टाचणीला लावलेल्या जुन्या चिठ्ठीवर नुसतेच ‘नागपूर’ लिहिलेले असेल, तर तो नमुना यापैकी कोणत्या चौकटीत मांडावा?