गिरणगावचा रविवार

धावपळीने शिणलेले मन जुन्या मुंबईकडे वळते, तेव्हा तिथले जगणे संथ असेल असे ते गृहीत धरते. परंतु गिरणगावाचा, म्हणजे परळ, लालबाग, भायखळा या कापडगिरण्यांच्या टापूचा, इतिहास तसे सांगत नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये स्थापन केलेली गिरणी 1856 मध्ये ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या तीन दशकांत हजारो माणसांचा दिवस भोंग्याला बांधला गेला. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले आणि सणावारांच्या मोजक्या सुट्ट्या सोडल्या, तर आठवड्याला हक्काचा विसावा असा नव्हताच.

तो विसावा झगडून मिळवावा लागला. सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर 1884 मध्ये परळला कामगारांच्या सभा भरवल्या; दर रविवारी सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, या मागण्यांच्या अर्जावर सुमारे 5,500 कामगारांनी सह्या केल्या. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे 10,000 कामगार जमले, त्यात दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता विलक्षणच म्हटली पाहिजे. आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार असल्यामुळे देशावरून आलेल्या कामगारांना तो परका वाटण्याचे कारणही नव्हते.

पुढे विजेच्या दिव्यांनी कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला, तो 1911 च्या कायद्याने बारा तासांवर आणला. रविवार मात्र टिकला. त्याचे मोल गावकीच्या खोलीत, म्हणजे एका गावच्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेल्या चाळीतल्या खोलीत, नीट कळते. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि दोरीवर कपड्यांपुरती जागा. दिवसपाळीचा माणूस बाहेर पडला की रातपाळीचा त्याच जागी अंथरूण पसरी, त्यामुळे एका छपराखाली राहणाऱ्यांची गाठ बहुधा दारातच पडे. सुट्टीच्या दिवशी ही माणसे एकत्र बसत, गावाहून आलेले पत्र मोठ्याने वाचले जाई, लिहिता येणारा इतरांच्या मनीऑर्डरी भरून देई, मंडळाच्या वर्गणीचा हिशेब होई आणि संध्याकाळी भजनाला टाळ-मृदंग निघत. या जिव्हाळ्याचे श्रेय जुन्या काळाच्या संथपणाला देणे अन्यायाचे आहे. सगळ्यांचे हात एकाच दिवशी मोकळे होत होते आणि तो दिवस कामगारांनी स्वतः मिळवलेला होता.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला, जिथे रविवार हा सर्वाधिक गर्दीचा वार असतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवण्याची मुभा दिली आणि प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग 24 तासांची सुट्टी बंधनकारक केली. मात्र ही सुट्टी ज्याची त्याची वेगळ्या वारी येऊ शकते, आणि एकाच घरातल्या दोघांना ती एकाच दिवशी मिळेल याची तरतूद त्यात नाही.