पाठीवर बिऱ्हाड: गंगामूळचं जंगल ते कलकत्ता

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अं...' काढलेत, बाकी जसंच्या तसं आहे.

आपल्या पिढीत एक ट्रिप फार चालते. नवरा-बायको दोघं, पाठीवर एकेक बॅग, आधी आठवडाभर डोंगराळ मुलखात होमस्टे आणि मग एखादं मोठं आशियाई शहर. हनोई म्हणा, बँकॉक म्हणा. माझ्या ऑफिसात दर दोन महिन्यांनी कुणीतरी असं जाऊन येतं आणि लंचला फोटो दाखवतं. मला प्रश्न पडला, की मराठी माणसांत असा 'डोंगर ते महानगर' प्रवास जुन्या काळी कुणी केला होता? शोधता शोधता मी एका जोडप्यापाशी येऊन थांबलो. त्यांचा प्रवास काही महिन्यांचा नव्हता, तो आयुष्यभर चालला. आणि त्यांना तो संपवताही आला नाही. तो त्यांच्या मुलांनी पुढे नेला.

हे जोडपं म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई. पंडिता रमाबाईंचे आई-वडील.

गोष्ट सुरू होते आपल्या पुण्यात. अनंतशास्त्री मूळचे मंगळूरकडच्या माळहेरंजीचे, चित्पावन. संस्कृत शिकायला ते पुण्याला आले. त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई यांना संस्कृत शिकवायला वाड्यावर जात. विद्यार्थी अनंतशास्त्रीही कधी बरोबर असत. तिथे त्यांनी एका बाईच्या तोंडून संस्कृत श्लोक ऐकले आणि ठरवून टाकलं, की आपल्या बायकोलाही शिकवायचं.

पहिल्या लग्नात ते जमलं नाही, घरच्यांनी होऊ दिलं नाही. ती पत्नी वारल्यावर, चाळिशी उलटलेली असताना, यात्रेत गोदावरीकाठी एक कुटुंब भेटलं आणि त्यातल्या नऊ वर्षांच्या मुलीशी त्यांचं लग्न लागलं. हो, नऊ. आज ऐकताना अंगावर काटा येतो आणि यायलाच हवा. तेव्हा मात्र त्यावर कुणी हरकत घेतली नाही. हरकत घेतली गेली ती अनंतशास्त्री तिला संस्कृत शिकवू लागले तेव्हा. घरात विरोध, गावात विरोध, पुढे उडुपीला पंडितांच्या सभेत जाब. शास्त्रांचे दाखले देऊन त्यांनी आपली बाजू मांडली, पण गावात राहणं अवघड झालंच.

मग ते बायकोला घेऊन सह्याद्रीत वर चढले. गंगामूळ. तुंगा आणि भद्रा या नद्या जिथे उगम पावतात तो भाग. तुमच्यापैकी जे कुद्रेमुखच्या ट्रेकला जाऊन आलेत त्यांनी हा परिसर पाहिलाय. आज तिथे परमिट काढून जातात. हे दोघं गेले तेव्हा डोक्यावर छप्परही नव्हतं. पहिल्या रात्री दरीपलीकडे वाघाच्या डरकाळ्या चालू होत्या. लहानगी लक्ष्मी पासोडी गुंडाळून भीतीने पडून राहिली आणि नवरा पहाटेपर्यंत राखण करत बसला. पुढे तिथेच झोपडी झाली, विद्यार्थी येऊ लागले, आणि लक्ष्मीबाई खरोखरच विदुषी झाल्या. १८५८ साली २३ एप्रिलला याच जंगलात रमाबाईंचा जन्म झाला.

पण येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंना आणि विद्यार्थ्यांना जेवू घालता घालता पैसा संपला, कर्ज झालं. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने जंगल सोडलं. वेताच्या पेटीत बाळाला ठेवलं आणि एका माणसाने ती पेटी डोक्यावरून डोंगराखाली आणली. रमाबाईंनी स्वतःच लिहिलंय, की आपली यात्रा तिथून सुरू झाली.

आता जरा 'बजेट'कडे बघू. खर्च कसा चालायचा? पुराणिक म्हणून. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसायचं, मोठ्याने पुराण वाचायचं. ऐकणारे फुलं, फळं, शिधा, पैसे ठेवायचे. त्यातलंही बरंचसं दानधर्मात जायचं. मुक्काम देवळात नाहीतर धर्मशाळेत. कृष्णाबाई, श्रीनिवास आणि रमा ही तीन मुलं याच रस्त्यावर वाढली. वडील थकले होते, म्हणून रमाला आईने शिकवलं. दिवसभर कामं, त्यामुळे वेळ उरायचा तो पहाटेचा. पाखरं जागी व्हायच्या आधी शिकवणी. भागवताचे १८,००० श्लोक या मुलीने असे पाठ केले.

इथे मला या गोष्टीचा गाभा दिसतो. त्या काळी मुलीचं लग्न वेळेत लावायला गाव लागायचं: भाऊबंद, शेजारी, 'अजून झालं नाही का?' विचारणारे. मोठ्या कृष्णाबाईचं लग्न लहानपणी लावलं होतं आणि ते पार फसलं, म्हणून आई-वडिलांनी रमाचं लावलंच नाही. एका जागी राहत असते तर हे निभावलं असतं का? मला नाही वाटत. घर गेलं म्हणून हाल झाले. पण घर नव्हतं म्हणूनच ही मुलगी शिकली.

आणि हाल म्हणजे किती? १८७४ च्या सुमाराला मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. दागिने गेले, कपडे गेले, तांब्या-पितळेची भांडी गेली. तिरुपतीजवळच्या जंगलात कुटुंबाने झाडपाला खाल्ला. वडिलांची दृष्टी गेली होती, ते जलसमाधीची भाषा करू लागले. तेव्हा श्रीनिवास म्हणाला, की मी जातीचा अभिमान सोडतो, मिळेल ते काम करतो. वडील तरीही वाचले नाहीत. काही काळातच आई गेली. स्मशान तीन मैलांवर, खांदा द्यायला माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा श्रीनिवास, चौथी रमा. उंची कमी म्हणून तिने आपल्या वाटचा भार डोक्यावर घेतला. मग कृष्णाबाई कॉलऱ्याने गेली.

उरले दोघं, भाऊ आणि बहीण. आणि दोघं चालत राहिले. थेट उत्तरेपर्यंत, हजारो मैल. मुंबई आणि कलकत्ता रेल्वेने १८७० मध्येच जोडली गेली होती, पण तिकिटाला पैसे हवेत ना! पंजाबात झेलमच्या काठी थंडी इतकी, की अंगावर पांघरूण नाही म्हणून त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले, आत पडून राहिले आणि डोकं सोडून सगळं अंग कोरड्या वाळूने झाकून घेतलं.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले. ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी, त्या काळातलं आशियातलं एक बलाढ्य शहर. वीस वर्षांची ही अविवाहित मुलगी संस्कृत बोलते, हे कळल्यावर तिथल्या पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

इथे एखाद्या सिनेमाचा शेवट झाला असता. मला मात्र त्यानंतरच्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. केशवचंद्र सेन यांनी तिला वेदाची प्रत हातात दिली. बायकांनी वेद वाचायचा नाही, हे ती जन्मभर ऐकत आली होती. आणि पंडितांनी तिला 'शास्त्रानुसार स्त्रीचं कर्तव्य' या विषयावर बायकांपुढे बोलायला सांगितलं. तयारीसाठी तिने धर्मशास्त्राचे ग्रंथ उघडले. तिच्या लक्षात आलं, की हे ग्रंथ जवळपास प्रत्येक बाबतीत एकमेकांशी भांडतात, पण बाईला कमी लेखण्यावर त्यांचं एकमत आहे. रस्त्याने तिला श्लोक दिले होते. त्या श्लोकांना प्रश्न विचारायला ती या शहरात शिकली.

पुढचं थोडक्यात. १८८० मध्ये श्रीनिवास ढाक्याला वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी, जात ओलांडून, नोंदणी पद्धतीने लग्न केलं. १८८२ मध्ये तेही कॉलऱ्याने गेले. लहानग्या मनोरमाला घेऊन रमाबाई आल्या त्या पुण्यात, जिथे कधीकाळी वडिलांच्या डोक्यात ती कल्पना शिरली होती. इथे आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनसमोर साक्ष दिली. मग इंग्लंड, अमेरिका, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार आणि त्यावरून झालेला वाद. तो एका स्वतंत्र भागाचा विषय आहे.

एक गोष्ट सांगून थांबतो. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो भुकेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. भुकेल्या माणसाची चाल त्यांना लांबूनही ओळखता आली असणार.

केडगाव आपल्या पुणे-दौंड लाइनवर आहे. पुढच्या ट्रिपआधी एखाद्या रविवारी लोकल पकडा. आणि त्यांचं अमेरिकेवरचं १८८९ चं मराठी पुस्तक मिळवून वाचा. प्रवासात नक्की काय बघायचं असतं, ते त्यात कळतं.

तुमच्या घरात कुणी असा पायी प्रवास केला असेल, आजी-पणजीने सांगितलेला, तर व्हॉइस नोट नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!