कापसाच्या मुलखातला ठेका

वऱ्हाडचे आणि अमेरिकेतील मिसिसिपीचे नाते कापसाच्या धाग्याने जुळलेले आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि आपल्या खामगाव-मेहकरकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले. ज्या युद्धाने इकडचे भाव चढविले नि पाडले, त्याच युद्धाने तिकडच्या काळ्या गुलामांच्या बेड्या तोडल्या. जमीन मात्र बहुतेकांच्या हाती आली नाही. गोऱ्या मालकांच्या रानात बटाईने राबताना त्यांनी जे गाणे घडविले, त्याला पुढे ‘ब्लूज’ म्हणू लागले. आणि त्या गाण्याचा एक हुकमी ठेका म्हणजे ‘शफल’.

शफल म्हणजे पाय घासत चालणे. दमलेला माणूस चालतो तेव्हा एक पाऊल लांबते, दुसरे आखूड पडते. ठेकाही तसाच. एका मात्रेचे तीन सारखे तुकडे कल्पावेत. पहिला वाजवावा, दुसरा गाळावा, तिसरा वाजवावा. दीर्घ-ऱ्हस्व, दीर्घ-ऱ्हस्व! सारी गंमत त्या गाळलेल्या तुकड्यात आहे.

गिटारवर हे बसवायला दोन बोटे पुरतात. सर्वांत जाड तार मोकळी ठेवावी आणि तिला षड्ज मानावे. शेजारच्या तारेवर दुसऱ्या पडद्याशी तर्जनी दाबली की षड्ज-पंचमाची जोडी मिळते. चौथ्या पडद्याशी अनामिका टेकली की षड्ज-धैवताची. एका मात्रेत पहिली जोडी दोनदा, पुढच्या मात्रेत दुसरी दोनदा. उजव्या तळव्याची कड घोडीजवळ तारांवर हलकेच टेकवावी, म्हणजे नाद आखूड होतो. चार-चार मात्रांच्या बारा आवर्तनांचा फेरा असतो: चार षड्जावर, दोन मध्यमावर, पुन्हा दोन षड्जावर, एक पंचमावर, एक मध्यमावर आणि अखेरची दोन षड्जावर. एवढे तासाभरात पाठ होते. पण वाजवून पाहिले की लाकडी वाटते! कारण तीन तुकड्यांचा हिशोब हा केवळ पांगुळगाडा आहे. लय वाढली की दीर्घ-ऱ्हस्वातले अंतर कमी होते, लय उतरली की वाढते. ते किती, हे कागद सांगत नाही, कान सांगतो.

म्हणूनच या ठेक्याचा इतिहास हा शिकविणाऱ्यांचा इतिहास आहे, आणि त्यातली पुष्कळ नावे गाळली गेली आहेत. डब्ल्यू. सी. हँडी हे शिकलेले संगीतकार १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसले होते. तेथे फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवीत होता. हँडींनी तो बाज कागदावर उतरविला. १९१२ साली त्यांचे ‘मेम्फिस ब्लूज’ छापले गेले आणि पुढे ते ‘ब्लूजचे जनक’ म्हणून गाजले. त्या माणसाचे नाव कुणालाच ठाऊक नाही. पुढे १९५० नंतरच्या दशकात जिमी रीड यांच्या तबकड्यांनी शफल घरोघरी नेला. रीडना गिटार शिकविली ती त्यांचा मित्र एडी टेलर याने. रीडच्या गाण्यामागे ठेका धरणारा हातही बहुधा त्याचाच. कीर्ती मात्र रीडची झाली.

आपल्याकडेही हेच घडले. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा काळ्या अमेरिकन वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. गोव्याचे वादक चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकून आलेले. लिहिलेले वाचण्यात कुणाला हार न जाणारे. पण शफलचा भाऊबंद जो ‘स्विंग’, तो कागदावर सरळ समान लिहितात आणि वाजविताना झुलवितात. ते झुलणे आपल्या वादकांनी या पाहुण्यांकडून कानाने उचलले. त्यांतलेच अल्दोन्याचे आंतोनियो शावियर वाझ, म्हणजे ‘चिक चॉकलेट’. पुणतांब्यास जन्मलेल्या सी. रामचंद्रांना त्यांची साथ लाभली, आणि १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांचा ताफा पडद्यावरही दिसला. हे भाग्य थोड्यांचेच. इतर कित्येक वादक-संयोजकांची नावे श्रेयनामावलीत कधी आलीच नाहीत.

२०११ साली मुंबईच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव भरला तेव्हा बडी गाय तेथे वाजवून गेले. लुईझियानात बटाईदाराच्या घरी जन्मलेला, लहानपणी कापूस वेचलेला हा कलावंत. कापसाच्या एका मुलखाचा ठेका दुसऱ्या मुलखाच्या राजधानीत आला, तो असा.

मग पैनगंगेकाठच्या मेहकरात एखाद्या मुलाने गिटार हाती घेतली तर त्याने हा ठेका कुठे ऐकावा? तबकड्या तर ऐकाव्याच; पण गावातले भजनही ऐकावे. आठ मात्रांचा भजनी ठेका वहीत समान अंतराने लिहिलेला असतो. पखवाजावर तो झुलतच येतो. शेगावची पालखी पंढरपूरहून परतताना मेहकरास येते, तेव्हा टाळांच्या संगतीने पडणारी वारकऱ्यांची पावले पाहावीत. शेकडो मैल चाललेले ते पाय असतात. भजनी ठेका म्हणजे शफल नव्हे. दोहोंची घराणी निराळी. पण मात्रेच्या पोटात जागा कशी सोडावी, हे शरीराला दोन्हीकडे सारखेच शिकावे लागते. आधी पायाने ठेका धरावा, मग तोंडाने म्हणावा, आणि गिटार शेवटी उचलावी. आणि ठेका बसला, की तो ज्याच्याकडून उचलला त्याचे नाव चारचौघांत घ्यावे. गाळायचा असतो तो मात्रेचा मधला तुकडा. गुरूचे नाव नव्हे.