वायुविसरण प्रतिमान आणि पर्यावरण मंजुरी

चिमणी, भट्टी, खाण किंवा रस्ता अशा उद्गमातून हवेत सुटलेले प्रदूषक वाऱ्याबरोबर कोठवर जातील, वाटेत किती विरळ होतील आणि माणूस श्वास घेतो त्या जमिनीलगतच्या थरात त्यांची संहती, म्हणजे एक घनमीटर हवेतील त्यांचे वजन, किती राहील, याचे गणिताने बांधलेले पूर्वानुमान म्हणजे वायुविसरण प्रतिमान होय. चालू कारखान्याभोवतीची हवा उपकरणांनी मोजता येते. परंतु जो कारखाना अजून उभाच राहिलेला नाही त्याचा परिणाम वर्तवावाच लागतो, आणि म्हणूनच मंजुरी देणाऱ्या यंत्रणेला या प्रतिमानावाचून निर्णय घेता येत नाही.

नेहमीच्या वापरातील बहुतेक प्रतिमाने गाउस-वितरणावर आधारलेली आहेत. धुराच्या झोताच्या मध्यरेषेवर संहती सर्वाधिक असते आणि दोन्ही बाजूंना, तसेच वर व खाली, ती घंटाकृती वक्राप्रमाणे घटत जाते, असे त्यांत गृहीत धरलेले असते. वारा जितका वेगवान तितका धूर विरळ होतो, आणि चिमणीची परिणामी उंची, म्हणजे प्रत्यक्ष उंची अधिक उष्ण धुराची वर झेप, जितकी जास्त तितकी जमिनीवरील संहती कमी भरते. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फ्रँक पास्क्विल यांनी 1961 मध्ये वारा, ऊन व ढग यांच्या साध्या निरीक्षणांवरून वातावरणाच्या स्थैर्याचे ‘ए’ ते ‘एफ’ असे सहा वर्ग पाडले, आणि त्यामुळे हे गणित अभियंत्यांच्या रोजच्या हाताशी आले. पुढे अमेरिकेत हवामानशास्त्र संस्था व पर्यावरण संरक्षण संस्था यांच्या 1991 मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त समितीने ‘एरमॉड’ हे प्रतिमान तयार केले. 2005 मध्ये तेथील नियमांत त्याला अधिकृत स्थान मिळाले आणि आज भारतातील अहवालांतही बहुधा तेच आढळते. साधारण 50 किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी ते योग्य मानले जाते.

भारतात 1981 च्या वायू कायद्याखाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र आणि 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी, असे दोन टप्पे आहेत. प्रतिमानाचे खरे काम पडते ते दुसऱ्या टप्प्यासाठी होणाऱ्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनात. प्रकल्पाभोवती बहुधा दहा किलोमीटरच्या त्रिज्येत आधीची हवा मोजली जाते, तीत प्रतिमानाने वर्तवलेली भर मिळवली जाते आणि बेरीज 2009 च्या राष्ट्रीय मानकांशी ताडून पाहिली जाते. त्या मानकांनुसार चोवीस तासांची सरासरी पीएम 10 या सूक्ष्म धूलिकणांसाठी 100, त्याहून बारीक पीएम 2.5 साठी 60 आणि सल्फर डायऑक्साइडसाठी 80 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे.

छोट्या कारखान्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा चिमणीच्या उंचीचे सूत्रच पुरेसे समजले जाते. सल्फर डायऑक्साइडचे ताशी उत्सर्जन किलोग्रॅममध्ये घेऊन त्याचा 0.3 वा घात काढायचा आणि 14 ने गुणायचे, की उंची मीटरमध्ये मिळते. अर्धा टक्का गंधक असलेला एक टन कोळसा ताशी जाळणाऱ्या बॉयलरमधून सुमारे 10 किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. सूत्राने उंची 28 मीटर येते, पण किमान मर्यादा 30 मीटरची असल्याने चिमणी तेवढी बांधावी लागते. हेच उत्सर्जन दुप्पट झाले तर सूत्राने मिळणारी उंची जेमतेम 23 टक्क्यांनी वाढते. उंच चिमणी जवळच्या वस्तीला दिलासा देते, परंतु प्रदूषकाचा एक कणही कमी करत नाही. सल्फर डायऑक्साइडचे दूरवर सूक्ष्म सल्फेट कणांत रूपांतर होते आणि ते दहा किलोमीटरच्या वर्तुळात दिसत नाही. याच कारणाने अमेरिकेने 1977 च्या कायदादुरुस्तीत अवाजवी उंच चिमणीचा फायदा उत्सर्जन-मर्यादा ठरवताना घेण्यास मनाई केली. महाराष्ट्रात डहाणूच्या 500 मेगावॉट औष्णिक केंद्राला 275 मीटरची चिमणी होती, तरीही सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर नेमलेल्या तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने धुरातून गंधक काढणाऱ्या संयंत्राचा आग्रह धरला आणि ते 2007 मध्ये बसले. चिकूच्या बागांच्या त्या पट्ट्यासाठी हा आग्रह सर्वथा योग्य होता.

प्रतिमानाचे गणित क्वचितच चुकते. चूक शिरते ती त्याला पुरवलेल्या आकड्यांतून. आधीची हवा मोजण्यासाठी पावसाळा वगळून एका ऋतूची मोजणी चालते. विदर्भात मार्च ते मे या काळात जमीन तापून हवा दुपारी उंचवर घुसळली जाते आणि प्रदूषक पातळ होतात. हिवाळ्यातील पहाटे मात्र तापमानाची विपरीतता, म्हणजे खाली थंड व वर उबदार हवेचा थर, झाकणासारखी बसते. समजा, उन्हाळ्यात पीएम 10 ची मोजणी 92 आली आणि प्रकल्पाची भर 5 वर्तवली गेली, तर बेरीज 97 होऊन मानकात बसते. त्याच गावात जानेवारीत मूळ आकडाच 118 असेल, तर प्रश्न मंजुरीचा नसून आणखी भर घालण्याचा अधिकार कोणाला आहे हा असतो. चंद्रपूरसारख्या कोळसा खाणी, औष्णिक केंद्र व सिमेंट कारखाने एकवटलेल्या भागात शेजारच्या मंजूर पण अजून सुरू न झालेल्या प्रकल्पांचे उत्सर्जन बेरजेत धरले आहे की नाही, यावर सगळे अवलंबून असते. कोळशाची वाहतूक, राखेचे तलाव आणि उघडे साठे यांची धूळ चिमणीतून येत नसल्याने अनेकदा गणनेतून सुटते, वास्तविक गावकऱ्यांच्या अंगणात पडते ती बहुधा हीच.

कोकण किनाऱ्यावर अडचण निराळी आहे. समुद्रावरून येणारी हवा स्थिर असते आणि जमिनीवर ती खालून तापत जाते. उंच चिमणीचा झोत या तापलेल्या थरात शिरला की एकाएकी खाली ओढला जातो आणि किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर संहती उसळते. सह्याद्रीच्या कड्यांमुळे वारा वळतो आणि शांत हवेत, म्हणजे वाऱ्याचा वेग जवळपास शून्य असताना, गाउस-सूत्र विश्वासार्ह राहत नाही. अशा जागी केवळ दूरच्या विमानतळाच्या नोंदी वापरलेला अहवाल ग्राह्य धरू नये.

संमतीपत्रातील अटी आणि प्रतिमानात गृहीत धरलेले उत्सर्जन एकच असले पाहिजे. गृहीताहून सैल मर्यादा लिहिली गेली, तर ज्या आकड्यांवर मंजुरी मिळाली ते निरर्थक ठरतात. 2006 च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे महाराष्ट्रात मराठीत, द्यावा लागतो आणि पूर्ण अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद व जिल्हा उद्योग केंद्र येथे वाचण्यास ठेवावा लागतो. मोजणीचे महिने, हवामानाच्या नोंदींचे ठिकाण आणि शेजारच्या उद्योगांचा समावेश या बाबी त्यात कोणाही नागरिकाला तपासता येतात, आणि सुनावणीपूर्वी त्या तपासून लेखी हरकत नोंदवावी.