कर्त्याची सर्वनामाने पुनरुक्ती
कर्त्याची सर्वनामाने पुनरुक्ती : वाक्यात कर्ता नामाने सांगितल्यावर त्याच कर्त्यासाठी पुन्हा सर्वनाम योजण्याची रचना. ‘माय ब्रदर ही इज अ फार्मर’, ‘द बॉय हू स्टडीज ही पासेस’ अशी इंग्रजी वाक्ये मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या लेखनात आढळतात. त्यांतील ‘ही’ हे सर्वनाम प्रमाण लेखी इंग्रजीत अनावश्यक व म्हणून अशुद्ध मानले जाते.

मराठीत क्रियापदाच्या रूपावरूनच कर्त्याचा बोध होत असल्याने सर्वनाम पुष्कळदा गाळतात. अशा भाषेच्या भाषकाने इंग्रजीत ते जास्तीचे घालावे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. त्याचे मुख्य कारण ‘जो–तो’ या जोडीत आहे. ‘जो मुलगा अभ्यास करतो, तो उत्तीर्ण होतो’ या मिश्रवाक्यातील ‘तो’ गाळल्यास वाक्य लंगडे पडते. ‘माझा भाऊ, तो शेती करतो’ ही बोलण्यातील ढबही याच जातीची.

ही जोडी मराठीत फार जुनी आहे. बीड जिल्ह्यातील अंबेजोगाई येथे मुकुंदराजाची समाधी दाखवितात. त्याच्या विवेकसिंधूचा परंपरागत काल शके १११० (इ. स. ११८८) होय, मात्र काल व रचनास्थळ दोन्ही वादग्रस्त आहेत. त्याच गावी दासोपंताने (१५५१–१६१५) पंचीकरण हा विषय सु. २४ हात लांबीच्या पासोडीवर लिहिला. वेदान्तविषयक ग्रंथांत ‘जे अमुक, ते तमुक’ ही घडण व्याख्येचे साधनच ठरते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत जी चूक, तीच येथे विचार बांधून ठेवणारी गाठ आहे.

इंग्रजीलाही ही रचना परकी नाही. तेथील लोकगीतांत व बोलींत ती आजही आढळते. लिंडली मरे याने आपल्या व्याकरणात (१७९५) नाम व त्याचे सर्वनाम एकाच विधानात एकत्र योजण्यास हरकत घेतली. हे पुस्तक शाळांतून दीर्घकाळ वापरले गेले. बोलीच्या फ्रेंचमध्ये मात्र अशी पुनरुक्ती नित्याची आहे.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात (स्था. १९१८) उर्दू हे माध्यम व इंग्रजी अनिवार्य विषय होता. त्यामुळे उच्च शिक्षण घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास इंग्रजी बहुधा उर्दूच्या वाटेने भेटे; उर्दूतही ‘जो–वो’ असल्याने ही सवय मोडण्यास तेथे काही कारण नव्हते.

महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. ऊसतोडणीसाठी दरवर्षी परजिल्ह्यांत जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे वर्ग मात्र मध्येच सुटतात. त्यांच्या वहीत ‘ही’ या शब्दावर तांबडी रेघ येते, कारण कळत नाही. ही चूक अज्ञानाची नसून मातृभाषेचा नियम काटेकोरपणे पाळल्याची आहे, असे समजून शिकविणे अधिक फलदायी होईल. इंग्रजी वळणाचे ‘मुलगा, जो अभ्यास करतो, उत्तीर्ण होतो’ हे वाक्य ‘जो–तो’च्या वाक्याशेजारी फळ्यावर लिहिले, तर दोन्ही भाषांतील भेद मुलाच्या कानालाच जाणवतो.