महाबळेश्वरच्या ताटातील इतिहास

महाबळेश्वरास जाऊन आलेल्या माणसाला आपण दोनच प्रश्न विचारतो. काय पाहिले, आणि काय खाल्ले? आमच्या शाळेची सहल बेळगावहून सातारा-मेढ्यामार्गे तेथे गेली असता, बाजारपेठेत बटाटेवडे खाताखाता एका विद्यार्थ्याने तिसराच प्रश्न केला : "सर, एवढ्या उंचावर बटाटे लावले तरी कोणी?"

त्याचे उत्तर देण्यापूर्वी मी मुलांना क्षेत्र महाबळेश्वरी नेले. साहेब या डोंगरावर येण्यापूर्वी कित्येक शतके हे तीर्थ गाजत होते. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री यांचे उगम मानतात. १६६५ साली सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजीमहाराजांनी मातोश्री जिजाबाईंची सुवर्णतुला केली, ती येथेच. येथून निघालेली वेण्णा माहुलीस आणि कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते. सावित्री मात्र पश्चिमेची वाट धरून बाणकोटापाशी समुद्र गाठते.

सुमारे साडेचार हजार फूट उंचीवरील या थंड हवेची इंग्रजांना भुरळ पडली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडून ही जागा मिळविली आणि मोबदल्यात वाईकडील खंडाळा गाव दिला. पेठेस 'माल्कम पेठ' हे नाव पडले. ज्या राजाने जागा दिली, त्याला दहाच वर्षांनी, १८३९ मध्ये, कंपनी सरकारने पदच्युत करून काशीस धाडले. आज आपण ज्यात नावा वल्हवतो ते वेण्णा सरोवर त्यांचे बंधू शहाजीराजे यांनी १८४२ साली बांधविले.

आता बटाट्याकडे येऊ. पेठ वसली तेव्हा कंपनीने आपल्या पूर्वेकडील वसाहतींतून चिनी व मलायी कैदी येथे आणून ठेवले. गावातील बहुतेक रस्ते त्यांच्याच श्रमाने झाले. वेण्णेकाठच्या जमिनीत विलायती भाज्या आणि उत्तम जातीचा बटाटा पिकविण्याचा पायंडा त्यांनीच पाडला. १८६४ साली तो तुरुंग बंद झाला. लागवड मात्र राहिली. पुढे स्ट्रॉबेरी आली, आणि २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही लाभले.

म्हणून महाबळेश्वरी जाल तेव्हा हिवाळ्यात स्ट्रॉबेरी जरूर खा, लाल मुळे, गाजरे घ्या, रानचा मध घरी न्या, भाजलेले चणे खिशात भरा. आर्थर सीटवरून सावित्रीचे खोल खोरे पाहा, पश्चिमेच्या कड्यावरून प्रतापगडाला नमस्कार करा. येथील टोकांना लॉडविक, एल्फिन्स्टन अशी साहेबांची नावे आहेत. त्या कैद्यांपैकी एकाचेही नाव कोणत्याही टोकास नाही. केवळ एका धबधब्यास 'चायनामन' म्हणतात, तेही कोणा एकाचे नाव नव्हे, साऱ्यांचे मिळून.

मी हे सांगून संपविले तेव्हा मुले गप्प होती. प्रश्न विचारणाऱ्याने हातातला उरलेला वडा सावकाश खाल्ला आणि म्हणाला, "सर, तो धबधबा पाहायला जायचे ना?" आमच्या कार्यक्रमात तो नव्हता. आम्ही गेलो.