'तो चालू' आणि 'ती चालू'

सोसायटीच्या गेटवर, ऑफिसात, लोकलच्या डब्यात हा शब्द आपण सगळ्यांनीच ऐकलाय. "तो चालू आहे" म्हणजे माणूस बेरकी आहे, जपून राहा. "ती चालू आहे" म्हणजे थेट चारित्र्यावर घाव. बेलापूर ते पनवेल, हा फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

मराठीत हे जुनंच आहे. पुरुषाला 'रंगेल', 'बाहेरख्याली'. बाईला 'उठवळ', 'छिनाल', 'सिंदळ'. पहिल्या शब्दांवर लोक हसतात, दुसऱ्यांवर संसार मोडतात.

गंमत म्हणजे 'व्यभिचार' हा शब्द मुळात इतका वाईट नाही. तर्कशास्त्रात नियम मोडणारं उदाहरण सापडलं की त्याला व्यभिचार म्हणतात. रसशास्त्रात तर ३३ व्यभिचारी भाव आहेत. लज्जा, हर्ष, चिंता, जे येतात आणि जातात. इंग्रजीतल्या 'प्रॉमिस्क्युइटी'चंही तेच. लॅटिन मुळाचा अर्थ नुसती सरमिसळ. शब्दांना डाग आपण लावले.

आणि डाग लागला की शिक्षा येते. पेशवाईच्या दफ्तरांत 'सिंदळकी', 'बदकर्म' हे गुन्हे म्हणून नोंदलेले आहेत. अशा आरोपात दोषी ठरलेल्या कितीतरी बायका सरकारच्या कुणबिणी, म्हणजे गुलाम झाल्या.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर नवजात मूल मारल्याचा खटला चालला. वर्तमानपत्रं समस्त बायकांच्या नीतीवर तुटून पडली. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. मुद्दा साधा होता : जे दोष बाईच्या माथी मारता, ते पुरुषात नाहीत का? गहजब झाला. जोतीराव फुले मात्र ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले.

हे सगळं जुनं झालं, असं वाटतंय? १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने तिला आधीपासून संबंधांची सवय होती हे धरून आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवलं. चार कायदा-प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. तरी पीडितेचं चारित्र्य वाईट होतं हे कोर्टात दाखवायची मुभा पुराव्याच्या कायद्यात उरलीच होती. ती २००२ च्या दुरुस्तीने गेली.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली. 'स्वैर चालीची बाई' या अर्थाचे इंग्रजी शब्द वापरू नका, त्याऐवजी काय लिहायचं? नुसतं 'स्त्री'.

कोर्टाला हे उमगायला एवढी वर्षं लागली. आपल्याला सोसायटीच्या ग्रुपवर टाईप करताना दोन सेकंद पुरतील. एखाद्या मुलीचं घरी यायचं टायमिंग बघून "चालू दिसते" लिहिण्याआधी तेच वाक्य तिच्या भावाबद्दल लिहून बघा. ते शिवी वाटतंय का? नसेल वाटत, तर दोष त्या मुलीत नाही.